काळा रस्सा

मी आयुष्यात खोटं काही कमी बोलले नाही. सासूशी बोलले, डॉक्टरशी बोलले, रेशनच्या दुकानदाराशी तर दर महिन्याला बोलले, आणि त्यातल्या एकाचीही आज मला लाज वाटत नाही. पण अकरा वर्षांची असताना दिघीच्या एका ओटीवर, पुढे जेवणाचा थाळ असताना, मी एक एवढंसं वाक्य बोलले, आणि त्याची लाज मात्र माझ्याबरोबरच म्हातारी झाली आहे. मुलांना हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही असं वाटायचं, आणि खरं कारण म्हणजे तोंड उघडत नव्हतं. आता लिहिते आहे, कारण कागद तोंडाकडे बघत नाही.

मुरुडला आमचं घर नारळाच्या वाडीत होतं. पहाटे रहाटाची कुरकुर सुरू व्हायची, ती थांबली की पाट्यावर वरवंटा फिरायला लागायचा, आणि त्या दोन्हींच्या मागे समुद्र कायमचाच असायचा, म्हणून तो कुणाला ऐकूच यायचा नाही. बाबा वाडी बघत. माणूस मवाळ, घरात आवाज चढवायचा तो फक्त माकडांवर. घर चालायचं आईच्या शब्दावर. आणि आईचा शब्द चालायचा तो सर्वांत जास्त पाट्यावर. खोबरं कसं भाजायचं यावर ती जेवढी बोलायची तेवढी नमाजावरसुद्धा बोलत नसे. निखाऱ्यावर अर्ध्या नारळाची कवड धरायची, कडेने लाली आली की फिरवायची, सगळीकडून गुलाबी झाली की काढायची. एक डाग काळा पडला तरी ती सुरीने खरवडून टाकायची आणि म्हणायची, "खोबरा जळवते ती बाय संसार काय करणार?" शेजारच्या कुणाच्या घरातून खोबरं करपल्याचा वास आला की आई नुसती भुवई वर करायची. त्या भुवईवर त्या बाईचं मुरुडातलं नाव ठरायचं.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे खाला, आईची धाकटी बहीण. त्यांचे आईबाप लवकर गेले, म्हणून आईनेच तिला लहानाची मोठी केली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, माझी वेणी घालणारी, मला उवा झाल्या तर कुणाला न सांगता काढणारी. तिचा शब्द बाबांच्या धाकट्या भावाशी, युसुफचाचाशी, केव्हाच पक्का झाला होता. चाचा आगबोटीवर सुकाणी होता. तो येईल तेव्हा निकाह, असं ठरलेलं. खालाने दुपट्ट्यांना किनारी लावून पेटी भरून ठेवली होती. चाचा आला, पण बरोबर बायको घेऊन आला.

ती कुठली हे मुरुडात कुणालाच नीट कळलं नाही. मनिला हे नाव आमच्याकडे एका जाड दोरासाठी ठाऊक होतं, त्यामुळे लोकांनी तिला मनिलावाली करून टाकलं. खरं तर ती मनिलापासून कितीतरी दक्षिणेला असलेल्या होलो नावाच्या बेटावरची, आपल्यासारखीच मुसलमान, आपल्यासारखीच दर्यावरची. नाव सित्ती. पण हे विचारायला कोण बसलंय? खालाने ती पेटी माळ्यावर चढवली आणि आईने सांगून टाकलं, की या घराच्या पायऱ्या ती बाई चढणार नाही. चाचाने मग खाडीपलीकडे दिघीला घर घेतलं. वर्षभर इकडचं माणूस तिकडे गेलं नाही.

मग चाचा एक दिवस वाडीत बाबांना भेटायला आला. महिन्याच्या आत त्याला बोटीवर परतायचं होतं, आणि सित्तीला दिवस गेले होते. परक्या गावात तिला एकटीला टाकून कसा जाऊ, असं म्हणत तो नारळाच्या बुंध्याशी बसून रडला. मी झावळ्यांच्या आड होते, मी पाहिलं. "भाई, फक्त एक दिस या. भाबीने घास घेतला, का झाला," तो म्हणाला.

हे घास घेणं काय ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात रीत अशी, की नवी सून पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रांधून सासरच्यांना वाढते. मोठा थाळ मध्ये ठेवतात आणि सगळे त्या एकाच थाळात जेवतात. पण घरातली वडील बाई पहिला घास घेईपर्यंत कुणी हात घालायचा नाही. ती एक घास आपल्या तोंडात घालते आणि दुसरा सुनेच्या तोंडात. तेवढं झालं की सून घरची. मग तिचं दुखलंखुपलं, बाळंतपण, सगळं घराचं. आजी गेल्यापासून वडील बाई म्हणजे आई. तेव्हा सगळं येऊन थांबलं होतं ते आईच्या एका घासावर.

बाबांनी आईला कसं वळवलं मला ठाऊक नाही. आठवड्याने ती एवढंच म्हणाली, "जाऊ. बघू." पण निघायच्या दिवशी पहाटे तिने सांदणं वाफवली, अंडी उकडली आणि ते सगळं फडक्यात बांधून घेतलं. जेवायला बोलावलेल्या घरी आपली शिदोरी घेऊन जाणं म्हणजे काय ते मला तेव्हाही कळत होतं. खाला आली नाही. ती माझी वेणी घालत होती आणि घालता घालता म्हणाली, "सके, तिकडचा काय आवडला तर मना येऊन सांगू नको हां." हसत म्हणाली. पण वेणी एवढी घट्ट घातली की दिवसभर माझे डोळे ताणलेले राहिले.

बैलगाडीने आगरदांडा, तिथून धाकू कोळ्याच्या होडीने खाडी पार. शीड फुगलं, पाण्याचे तुषार अंगावर आले आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. सहल म्हणजे काय हा शब्द आमच्या घरात नव्हता. जत्रेला जाणं होतं, लग्नाला जाणं होतं, पण सगळ्यांनी मिळून कुणाच्या हातचं नवं काहीतरी खायला सकाळी निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असं कधी झालं नव्हतं. बाबा मध्येच म्हणाले, "तिकडची लोकं कच्ची मच्छी सिरक्यात घालून खातात म्हणे." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, चक्क उत्सुकता होती. आई किनाऱ्याकडे बघत बसली.

चाचाचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटी. दारात सित्ती उभी. बुटकीशी, गोल चेहऱ्याची, पोट दिसायला लागलेली, डोक्यावरून पदर घेतलेला, पण साडीची तिला अजून सवय झाली नव्हती, ती पायात येत होती. तिने सलाम केला, आईचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. आईने हात काढून घेतला नाही, पण दिलाही नाही. ओटीवर तिने विणलेली चटई होती, लाल, हिरवी, पिवळी. मी विचारलं कशाची, तर चाचा म्हणाला केवड्याच्या पानांची. आम्ही केवड्याचं कणीस तेवढं केसांत घालायचो. पानांना काटे म्हणून कुणी हातही लावत नसे.

मोठी माणसं बसली आणि मी हळूच आत सटकले. चुलीपुढे सित्तीचाची उकिडवी बसली होती. एका पातेल्यात बकऱ्याचं मटण शिजत होतं, त्यात आलं आणि गवती चहाची पात घातलेली, वास अगदी वेगळा. एका वाडग्यात सुरमईचे कच्चे तुकडे माडीच्या सिरक्यात बुडवलेले, वर मिरची आणि कांदा. आणि निखाऱ्यांवर खोबऱ्याच्या दोन कवडी. ती दुसऱ्याच कामात, कवडींकडे तिचं लक्षच नाही. त्यांनी कडेने पेट घेतला, तेल सुटून जाळ व्हायला लागला. मी ओरडले, "चाची, जळला!" आणि मुरुडच्या कुठल्याही मुलीने केलं असतं तेच केलं. चिमट्याने कवडी ओढल्या, पाण्यात टाकल्या आणि सुरी घेऊन सगळा काळा भाग खरवडून पांढरं खोबरं तिच्यापुढे ठेवलं. मला वाटलं मी तिची अब्रू वाचवली.

ती आधी बघतच राहिली. मग हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी खरवडून टाकलेला काळा चुरा तिने बोटावर घेतला आणि म्हणाली, "हा. हा पायजे." मला कळेना. तिने दुसऱ्या दोन कवडी निखाऱ्यावर ठेवल्या आणि त्यांचा कोळसा होईपर्यंत आम्ही दोघी शेजारी बसून राहिलो. मग तिने तो कोळसा हळदीबरोबर पाट्यावर वाटला, काळाकुळकुळीत, काजळासारखा, आणि मटणात सोडला. पातेल्यातला रस्सा बघता बघता काळा झाला. तिच्या मोडक्या बोलीत आणि हातवाऱ्यांत तिने मला समजावलं, की हे रोज करत नाहीत. लग्नात करतात, ईदला करतात, मोठं माणूस घरी येतं तेव्हा करतात. "तुजी आई मोटी," ती म्हणाली. मग चमच्यातून थोडं माझ्या तळहातावर घातलं. मी चाटलं. आज साठ वर्षांनंतरही त्या चवीचं वर्णन करायला गेले की शब्द अडतात. धुरकट होतं, तिखट होतं आणि शेवटी जिभेवर गोडसर राहायचं. मी तळहात पुन्हा पुढे केला. दुसऱ्यांदाही तिने घातलं आणि पदराने माझा हात पुसला.

माझा नातू आता जहाजावर आहे, त्याच्या बोटीवरचे निम्मे खलाशी फिलिपिनो. मागे मी त्याला सहज म्हणून विचारायला सांगितलं, तर त्याने त्या रश्श्याचं नाव आणलं: तियुला इतुम. म्हणजे काळा रस्साच. "आजी, तुला हे कुठे कळलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुठेतरी वाचलं.

ओटीवर दस्तरखान पसरलं. थाळ आला. मध्ये भाताचा ढीग, भोवती सिरक्यातली सुरमई, केळीच्या पानात उकडलेला गोड भात, आणि भाताच्या मधोमध वाडग्यात काळा रस्सा. सित्तीचाची उंबऱ्याशी उभी राहिली. बसायचं नव्हतं तिला, आईचा घास होईपर्यंत. बाबांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले. चाचाची नजर आईच्या हातावर. आईने हात थाळापर्यंत नेला आणि तिथेच थांबली. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा काळा काय?" ती म्हणाली. "रगतासारखा दिसतोय."

"भाबी, तोबा करा, हराम रगत कोण घालंल! खोबरा हाय तो, भाजून काळा केलेला," चाचा घाईने म्हणाला. "हिच्याकडे तसाच करतात."

"तुना नाय विचारला. तू तिचाच बोलणार." आई माझ्याकडे वळली. "सके, तू आत होतीस. तू बघितलंस. तू सांग सगळ्यांना, काय घातलंय हिने?"

चाचीला एवढी कोकणी समजत होती. तिचा चेहरा उजळला. तिने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "सकी सांगते. सकी बघला." अगदी खात्रीने म्हणाली, जसं आता सगळं मिटलंच.

मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगणार होते. एवढं तरी माझ्या बाजूने लिहिते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला खाला आठवली, ताणलेले केस आठवले, आणि एकदम वाटलं की मी खोबरं म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, तुला कसं माहीत, तू खाल्लंस का, आणि मग घरी खालाला कळेल की मी चाटलं, दोनदा चाटलं, आणि मला आवडलं. आई खूश होईल असंही वाटलं. शिदोरी बांधलेली आई काय ऐकायला बसली आहे ते मला ठाऊक आहे, असं मला वाटलं. मी खाली थाळाकडे बघत म्हणाले, "मना ठाव नाय."

आई माझ्याकडे बघत राहिली, तिला नीट ऐकू आलं नसावं तशी. मग तिने हात मागे घेतला. "मग मी कसा घास घेऊ?" ती म्हणाली आणि तसराळ्यात कोरडाच हात धुतला. बाबांनीही धुतला. चाचा उठून ओटीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, पाठमोरा. मी एकदाच वर बघितलं. चाची अजून उंबऱ्याशीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी ते केव्हाच विसरले असते. ती नुसती मला बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, आपल्याला कळलेल्या शब्दांचा दुसरा काही अर्थ होतो का ते शोधत असल्यासारखे. मग ती वाकली, पोट सांभाळत, आणि तो भरलेला थाळ उचलून आत घेऊन गेली.

बाबा म्हणाले, भरती लागेल, निघायला हवं. होडीत आईने शिदोरी सोडली. आणि मी, मला भूक लागली होती म्हणून, तीन सांदणं खाल्ली. हेही लिहायलाच हवं. धाकू कोळ्याने विचारलं, "काय बाय, पावण्यांकडे जेवला नाय वाटतं?" बाबांनी तोंड पाण्याकडे फिरवलं. घरी खालाने दिवा लावता लावता विचारलं, "काय खाल्लंस गो?" मी म्हटलं, काय नाय. तिने मला जवळ ओढलं, माझी वेणी सोडली आणि बोटांनी केस मोकळे केले. मला फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी स्वतःला शूर समजत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवलं तर मी त्यातून अंग काढून घ्यायच्या वाटा शोधीन. मुरुडभर झालं की मनिलावालीने पाहुण्यांपुढे रक्ताचा रस्सा ठेवला. आई असं कधीच म्हणाली नव्हती, पण विहिरीवर बोलणाऱ्यांना तेवढं पुरलं. "घरची पोर होती ना आत, तिलाबी सांगता आला नाय," अशी साक्ष माझीच काढली गेली. चाचा सुट्टी संपताच बोटीवर गेला. सित्तीचाची दिघीला एकटी बाळंत झाली. शेजारची एक कोळीण धावून आली म्हणून निभावलं. मुलगी झाली. अकीक्याला, म्हणजे तिच्या बारशाला, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, आणि आम्ही नाही म्हणून जमातीतलंही कुणी गेलं नाही. पुढच्या सुट्टीत चाचाने दोघींना घेतलं आणि तो होलोला निघून गेला. जायच्या आधी बाबांना भेटायला आला होता, पण पायरीशीच उभा राहिला. मी पाणी नेलं. ते पिऊन त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "मोठी झालीस" एवढंच म्हणाला. दोन पत्रं आली. मग तिकडे लढाई सुरू झाली, आणि नंतर काहीच आलं नाही. माझ्या त्या चुलत बहिणीचं नावसुद्धा मला माहीत नाही.

खालाचं पुढे श्रीवर्धनला चांगलं झालं. चार मुलं, भरलं घर. युसुफचाचाचं नाव निघालं तर ती चक्क हसायची. म्हणजे जिच्यासाठी मी गप्प बसले असं मी समजत होते, तिला त्याची फार दिवस गरजही उरली नव्हती. उरलं ते आईचं. माझ्या मनात मी दोष वाटून ठेवला होता. मोठा वाटा आईचा, तिच्या हट्टाचा. धाकटा माझा, कारण मी लहान होते. या वाटणीवर मी निदान वीस वर्षं काढली.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी माहेरी जाऊन राहिले होते. एका दुपारी तिचे पाय चेपताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, दिघीला मी खोटं बोलले. ते खोबरंच होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, चाखलंही होतं."

तिने डोळे उघडले. "मना कळला नाय होय? अगो, ओटीवर बसले होते तेव्हाच आतून वास आला होता. जळल्या खोबऱ्याचा वास मी ओळखणार नाय?"

माझे हात थांबले. "मग विचारलंस कशाला?"

तिने नजर आढ्याकडे नेली. "तुझ्या खालाला मी शब्द दिला होता, माझ्या मनाने मी घास घेणार नाय म्हणून. पण पोटुशी पोर ती, उंबऱ्यात उभी होती. माझ्याने बघवत नव्हता. म्हटला, सकी सगळ्यांसमोर बोलंल, खोबरा हाय, खा. मग मी काय करणार? घरच्या पोरीने सांगितला, मना खावाच लागला, असा म्हटला असता बहिणीला. मी हात पुढे करूनच बसले होते, सके. तुझी वाट बघत."

तिने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि ती कुशीवर वळून झोपली. मी अकरा वर्षांची होते, हे मी तोवर स्वतःला सांगत आले होते. त्या दुपारनंतर तेही सांगता येईना.